अक्रोडाच्या चौरंगावरचा डाग

मी एक जुना चौरंग आहे, मित्रांनो. पूजेचा नव्हे, जेवणाचा. माझी उंची जेमतेम दीड वीत, पण माझ्याभोवती आठ माणसे मांडी घालून आरामात बसतात. हिंदुस्थानाच्या उत्तरेला दूर, कोकंद शहरात, दोन तुतीची झाडे असलेल्या एका अंगणाच्या घरात मी राहतो. तिथल्या मोठ्या खोलीत खिडकीपाशी माझी जागा आहे. खिडकीतून अंगण दिसते आणि अंगणापलीकडचे फाटकही दिसते. म्हणून पुढे सांगतो ते बहुतेक मी स्वतः पाहिलेले आहे.

अर्सलानबोबच्या डोंगरात मी अक्रोडाचे झाड होतो. एका वादळात आडवा झालो. उस्ता नुरमत नावाच्या सुताराने माझ्या फळ्या चार वर्षे सावलीत वाळवल्या आणि मग मला घडवले. माझ्या कडेने त्याने बदामाच्या पानांची वेल कोरली. शेवटी लाखेचे पॉलिश केले. लाखेच्या चपड्या स्पिरिटमध्ये विरघळवायच्या, लोकरीचा गोळा मऊ सुती कापडात गुंडाळायचा, त्या द्रावणात बुडवायचा आणि गोल गोल हात फिरवायचा. एक थर वाळला की दुसरा. ती लाख हिंदुस्थानातून येते, असे तो गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचा. तेव्हा माझ्या अंगावरच्या चकाकीत थोडी तुमचीही ओळख आहे.

बस चालवणाऱ्या कोमिलने मला स्वतःच्या लग्नासाठी विकत घेतले. त्याची बायको इनोबत. तिने मला जपले, हे मान्य केले पाहिजे. ती माझ्यावर पीठ मळू देत नसे. चहाची किटली जाड घडीवरच ठेवायची, हा तिचा नियम होता. पाहुणे आले की म्हणत, "इनोबत, तुझ्या चौरंगात बघून केस विंचरावेत." ती हसत नसे, पण त्या दिवशी त्यांच्या पुढ्यात जर्दाळू जरा जास्त पडत. बऱ्याच वर्षांनी त्यांना एकच मुलगा झाला, शेरमत. तो माझ्यावर अक्षरे गिरवायला शिकला. पुढे कोमिल वारला. शेरमतचे लग्न झाले आणि रिश्तानच्या एका कुंभाराची मुलगी, ओयनिसा, या घरात सून म्हणून आली.

ओयनिसा कमी बोलायची. इनोबतला कमी बोलणारी माणसे आवडत नसत. तिला वाटे, गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो.

लग्नाला वर्ष होते न होते तोच शेरमत रशियात बांधकामाच्या कामाला जायला निघाला. मार्चची सकाळ होती. गाडी लवकर येणार होती. इनोबतने माझ्यावर ओलसर चादरीची घडी टाकली आणि मुलाच्या शर्टाला इस्त्री करायला बसली. तिची इस्त्री जुनी, जड. एकदा पायरीवरून पडल्यामुळे तिचे टोक मोडलेले होते. ओयनिसाची नवी इस्त्री माहेराहून आली होती, पण सासूचा त्या इस्त्रीवर विश्वास नव्हता.

शर्ट झाला, शेरमतने तो अंगात चढवला आणि फाटकाबाहेर गाडीचा भोंगा वाजला. निघणाऱ्याने घरच्या भाकरीचा एक घास तोडायचा, उरलेली भाकरी तो परत येईपर्यंत घरात जपून ठेवायची, अशी इथली रीत आहे. इनोबत भाकरी घेऊन धावली. जाताना तिने हातातली इस्त्री होती तशी ओल्या घडीवर पालथी ठेवली.

पाचेक मिनिटे ती तिथे होती. मग वीज गेली. वीज गेली नसती तर ही गोष्ट सांगायला मी राहिलो नसतो.

फाटकातून आधी ओयनिसा परत आली. तिने गार होत आलेली इस्त्री उचलली, घडी काढली. माझ्या मधोमध ताटाएवढा पांढराफटक डाग पडला होता, सायीसारखा. ती बराच वेळ बघत राहिली. बाहेर इनोबत पायरीवर बसून रडत होती. ओयनिसाने इस्त्री कपाटात ठेवली, माझ्यावर दस्तरखान, म्हणजे जेवणाचे कापड, अंथरला आणि सासूला हाताला धरून आत आणले. त्या दिवशी ती काही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी धुण्यासाठी दस्तरखान उचलला गेला आणि इनोबतला डाग दिसला.

"हे काय?"

ओयनिसाने हातातला दस्तरखान खाली ठेवला.

"गरम कढई ठेवलीस ना? आणि वर झाकून ठेवलंस?"

"झाकलं मी," ओयनिसा म्हणाली. "कढई नाही ठेवली."

"मग काय, आभाळातून पडलं? माझ्या नवऱ्याची एवढी एकच वस्तू राहिली होती या घरात."

ओयनिसाने तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. मला बोलता आले असते तर मी बोललो असतो का, याचा मी पुढे विचार केला. नक्की सांगता येत नाही.

त्यानंतर घरात डागाखेरीज विषय उरला नाही. भात खारट झाला की डागाची गोष्ट निघे. दूध उतू गेले की डागाची गोष्ट निघे. शेजारणी येत, दस्तरखानाचा कोपरा उचलून बघत आणि चुकचुकत. इनोबत फोनवर मुलाला म्हणाली, "डागाचं काही नाही रे. पण ती तोंडावर खोटं बोलते. खोटं बोलणाऱ्या माणसाबरोबर मी एका घरात कशी राहू?" शेरमत तिकडून काय म्हणाला ते मला ऐकू आले नाही. पण तो फार वेळ बोलला नाही, एवढे कळले. महिन्याभरात इनोबतने रिश्तानला निरोप धाडला की मुलीला घेऊन जा. गुरुवारी येतो, असे ओयनिसाच्या वडिलांचे उत्तर आले.

कोमिलच्या पुण्यतिथीचा दिवसही जवळ आला होता. पाहुण्यांसमोर डागाळलेला चौरंग मांडायचा नाही म्हणून इनोबतने रिसोलतला बोलावले. रिसोलत म्हणजे मला घडवणाऱ्या उस्ता नुरमतची मुलगी. तिने लाकूडसामानाच्या कारखान्यात वीस वर्षे पॉलिशचे काम केले होते, आणि कारखाना बंद झाल्यावर ती घरोघर जाऊन दुरुस्ती करत होती. तीही नेमकी गुरुवारीच आली.

ओयनिसाची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. ती स्वतः अंगणात भांडी घासत होती.

रिसोलत माझ्यापाशी बसली. तिने डागावर बोट टेकवले, नखाने हलकेच खरवडले, मग मान तिरकी करून खिडकीच्या उजेडात पाहिले.

"काय पडलं होतं, आपा?" तिने इनोबतला विचारले.

"कढई. सुनेची करामत."

"बघू या. लाखेत वाफ शिरली की ती अशी पांढरी होते. वरचं पांढरं लगेच निघेल. खाली काय आहे ते मग कळेल."

तिने कापडाचा गोळा स्पिरिटने जेमतेम ओलावला आणि स्वतःच्या गालाला लावून पाहिला. "जास्त ओला झाला तर चांगली लाखही उठून येते," ती म्हणाली. मग ती डागाच्या कडेवरून वाऱ्यासारखा हलका हात फिरवू लागली. एकदा फिरवायचा, थांबायचे, वाळू द्यायचे, पुन्हा फिरवायचा. बाहेरची साय विरत गेली. ताटाएवढा डाग बशीएवढा झाला. इनोबत समोर बसून चहा पीत बघत होती.

मग डाग लहान व्हायचा थांबला. मधे लाख वितळून खडबडीत झाली होती आणि तिच्यात चादरीचे सूत उमटले होते. त्या भागाला आता आकार आला होता. मागे रुंद, पुढे निमुळता. आणि निमुळते टोक एका बाजूने तुटलेले.

रिसोलतचा हात थांबला. "आपा, ही कढई नाही. इस्त्री आहे. जुनी, जड, टोक मोडलेली."

इनोबतने पेला खाली ठेवला. रिसोलतने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा अंगणाकडे आणि एकदा दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे. तिला सगळे समजले असावे. आवाज खाली आणून ती म्हणाली, "अर्ध्या तासात हाही आकार घासून टाकते. कुणाला कळायचं कारण नाही. मी तर काही पाहिलंच नाही."

मित्रांनो, तेव्हा फाटक वाजले. ओयनिसाचे वडील, इसोकजोन, आत आले. हाताच्या भेगांत वाळलेली माती होती. ते दारातच उभे राहिले, बसले नाहीत.

"पोरी, चल," ते अंगणाकडे तोंड करून म्हणाले.

इनोबत अजून आकाराकडेच बघत होती. आता ती गप्प राहिली असती तर सगळे तिच्या मनासारखे झाले असते. ती उठली, कपाट उघडले, आपली इस्त्री काढली आणि माझ्यावर त्या आकाराशेजारी आणून ठेवली.

"व्याही, आत या. हे बघा. हा डाग माझ्या हातचा आहे. महिनाभर मी तुमच्या मुलीला खोटारडी म्हणत आले. गल्लीत सांगितलं, मुलाला सांगितलं. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा."

इसोकजोन यांनी इस्त्री पाहिली, डाग पाहिला आणि टोपी काढून पुन्हा घातली.

ओयनिसा ओल्या हातांनी दाराशी येऊन उभी होती.

"तुला माहीत होतं?" इनोबतने विचारले.

"हो."

"मग तोंडात काय गुळणी धरली होतीस?"

"त्या दिवशी तुम्ही रडत होता. म्हटलं, उद्या सांगू. मग तुम्ही कढई म्हणालात. त्यानंतर सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, स्वतःचं तुमच्यावर ढकलते."

"वाटलंच असतं," इनोबत म्हणाली.

ती रिसोलतकडे वळली. "हा आकार घालवू नकोस. राहू दे असाच. रोज जेवताना मला दिसला पाहिजे."

यावर ओयनिसा पहिल्यांदाच सासूचे बोलणे तोडून बोलली. "नको, आई. तुम्हाला लक्षात ठेवायचं असेल तर मनात ठेवा. जेवायला मलाही इथेच बसायचं आहे. घालवा, रिसोलत आपा, पूर्ण घालवा."

रिसोलतने डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि विचारले, "मग? कुणाचं ऐकू?"

"तिचं," इनोबत म्हणाली.

पॉलिशला चार दिवस लागतील आणि ते पक्के व्हायला पुढे पंधरा दिवस, तोवर चौरंगावर काही ठेवायचे नाही, असे रिसोलतने बजावले. ओयनिसा म्हणाली, "तेवढे दिवस मी माहेरी राहून येते. बॅग भरलेलीच आहे." ती वडिलांबरोबर गेली. तिला कुणी थांबवले नाही, आणि ते बरोबर होते.

त्या रात्रीच्या जेवणाआधी इनोबतने मुलाला फोन केला आणि इस्त्रीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, मध्येच स्वतःची बाजू न घेता. दुसऱ्या दिवशी शेजारणींनाही सांगितली. ते तिला जास्त जड गेले.

माझी दुरुस्ती रिसोलतने घाई न करता केली. वितळलेली लाख तिने झिजलेल्या पॉलिशपेपरने तेल लावून उतरवली. खाली लाकूड जळले नव्हते, फक्त फिकट झाले होते. अक्रोडाच्या हिरव्या सालीचा रंग लावून तिने ते आजूबाजूशी मिळवले. मग बापासारखाच गोळा, बापासारखाच गोल फिरणारा हात. पातळ थर, विश्रांती, पुन्हा पातळ थर. पुण्यतिथीला पाहुणे आले ते सतरंजीवर दस्तरखान अंथरून जेवले. चौरंग कुठे, असे एकीने विचारले. "पॉलिश वाळतंय," इनोबत म्हणाली, "आणि सूनही माहेरी आहे. दोन्ही माझ्यामुळे."

विसाव्या दिवशी इनोबत बसने रिश्तानला गेली. इकडे सुनेला आणायला सासू स्वतः जात नाही, दुसऱ्या कुणाला पाठवते. संध्याकाळी दोघी परतल्या. इनोबतच्या हातात कुंभाराने दिलेली निळी थाळी होती. ओयनिसाने माझ्यावरून तळहात फिरवला, डाग होता ती जागा शोधली आणि तिला ती सापडली नाही.

मित्रांनो, आम्हा लाकडी वस्तूंना फार काही लागत नाही. गरम भांड्याखाली घडी ठेवा, ओले कापड अंगावर विसरू नका, उन्हात उघडे टाकू नका. आणि कधी डाग पडलाच, तर कुणाचे नाव घेण्याआधी कापड हातात घ्या, उजेडाकडे बसा आणि हलक्या हाताने पुसत जा. डाग कसला आहे, ते पुसताना कळते.

सध्या माझ्यावर ओयनिसा पीठ मळते. इनोबतला ते मुळीच पटत नाही. ती शेजारी बसून बघते, दर थोड्या वेळाने "हळू" म्हणते आणि पाणी ओतून देते.