भाऊचा मऊ चेंडू

पौषातल्या सकाळी धुळ्याच्या त्या माळावर उजेडाच्या आधी आवाज येतात. पहिला टिटवीचा, मग हमरस्त्याच्या चढावर गिअर बदलणाऱ्या ट्रकचा, आणि पऱ्हाट्यांचा धूर लळिंगच्या डोंगरावरून विरळ होत जाताना, माझ्या थोरल्या भावाच्या चेंडूचा. तो आवाज कोरडा आणि टणक होता, एकदाच उमटायचा आणि संपायचा. ज्या माणसानं आयुष्यात कुणाला एक वाक्य दोनदा सांगितलं नाही त्या माणसाला शोभेल असाच. मी बांधावर शाल गुंडाळून बसलेली असायचे आणि चेंडू न पाहताही मला कळायचं, की तो सरळ गेला.

धुळ्यात गोल्फ, असं म्हणून लोक हसतात. हसू देत. बंद पडलेल्या एका सूतगिरणीमागच्या मोकळ्या जमिनीवर तिथल्या साहेबलोकांनी कधीकाळी आखलेलं ते मैदान आहे. त्यावर गवत फक्त श्रावणात असतं. एरवी नुसती भेगाळलेली काळी जमीन, आणि चेंडू जिथे खळग्यात घालायचा तिथे हिरवळीऐवजी जुनं तेल शिंपडून बसवलेल्या वाळूचं एक तपकिरी वर्तुळ. भाऊ त्या गिरणीत इंजिनिअर होता. गिरणी गेली, साहेब गेले, यंत्रं भंगारात गेली. भाऊ आणि मैदान एवढेच मागे राहिले. आम्ही मूळचे फैजपूरचे, केळीच्या बागायतीतले. आमच्या घराण्यात या खेळाचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि तरीही हातात काठी घेऊन उभा राहिलेला भाऊ असा दिसायचा, की जणू हा खेळ त्याच्यासाठीच कुणीतरी राखून ठेवला होता. टोपी किंचित मागे सारायची, उजवा तळहात विजारीला पुसायचा, दूरच्या निंबाकडे एकवार पाहायचं, आणि मग त्या उंचपुऱ्या देहातून एक लय अशी वळत जायची की तिच्यात कुठेही जोर दिसत नसे. बळाचा इतका शालीन उपयोग मी दुसऱ्या कुठल्याही पुरुषात पाहिलेला नाही.

त्याच्या मुलानं, अमोलनं, बापाला असंच पाहिलं आणि असंच डोळ्यांत भरून तो परदेशी गेला. वहिनी गेल्या तेव्हा आला तो पाहुण्यासारखा, दिवस उरकून परतला. मी जळगावच्या शाळेतून निवृत्त झालेली, एकटीच, म्हणून भाऊकडे राहायला आले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, माठातलं पाणी घेताना भाऊच्या हातातून तांब्या सुटला. तो वाकून तांब्याकडे पाहत राहिला, आणि उजवा हात मात्र खांद्यापासून लोंबत होता. झटका सौम्य होता, डॉक्टर म्हणाले. सौम्य. ज्याचा हात गेला त्याला विचारा म्हणावं. बोलणं शाबूत राहिलं, चालणंही परत आलं, हातही महिन्यामहिन्यानं थोडा थोडा परत आला. पण ती लय परत आली नाही.

हे अमोलला सांगायचं नाही, असं भाऊनं ठरवलं. पोरगं तिकडे जिवाला लावून घेईल, कामधाम सोडून धावत येईल. मी मनात म्हटलं, येईल कसला. पण जो संकोच आपल्याकडे वात्सल्य म्हणून मिरवतो, त्याच्यापुढे कुणाचं चालत नाही. अमोल दर दिवाळीला ओळखीच्या कुणाबरोबर चेंडूंचा डबा धाडायचा, मोठमोठे खेळाडू स्पर्धांत खेळतात तो, महागडा, आतून गच्च. त्या डब्यातला चेंडू मारायला मनगटात वीज लागते. भाऊच्या मनगटात आता ती नव्हती, आणि जो चेंडू मारणाऱ्याच्या वेगानं दबत नाही तो सगळा धक्का त्याच हातांना परत देतो. थंडीत तर तो आणखी दगड होतो. प्रत्येक फटक्यानंतर भाऊ कोपरापर्यंत झिणझिणणारा हात स्वेटरच्या खिशात लपवी आणि पुढे चालू लागे. लेकाची भेट होती ना ती, टाकणार कशी?

शेवटी मीच त्याला नाशिकला दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं समजावलं ते सोपं होतं: चेंडूच्या पोटात रबराचा गोळा असतो, तो काहींत घट्ट असतो, काहींत सैल. ज्याचा हात संथ झाला त्यानं सैल पोटाचा चेंडू घ्यावा. तो कमी जोरातही दबतो, हाताला झोंबत नाही. एवढं सांगून थांबला असता तर बरं झालं असतं, पण त्यानं पुढे जोडलं की ज्येष्ठ आणि लेडीज हाच नेतात. भाऊचा चेहरा उतरला. मग त्यानं जे केलं ते फक्त आमच्या घरचा माणूसच करू जाणे. आमच्याकडे अंगठ्याचा शब्द शेवटचा. घडातलं केळ भरलं की नाही ते अंगठा सांगतो, आंबा, कणीक, गादी, सगळ्याचा निवाडा तोच करतो. भाऊनं काउंटरवरचे चेंडू ओळीनं घेतले आणि एकेकाला अंगठ्यानं दाबत, डोळे बारीक करून, वडील केळी पारखायचे तसा पारखत बसला. ज्याची साल त्याला नरम लागली तो घेतला. दुकानदार सांगत होता की काका, असं नाही कळत, हा वरून नरम आहे पण आतून घट्ट आहे. भाऊ कुणाचं ऐकतो?

तो चेंडू माळावर नेला, आणि हात पूर्वीसारखाच झिणझिणला. भाऊला तर तेच हवं होतं. मऊबिऊ काही नसतं, सगळे दुकानदारांचे चाळे, असं म्हणून त्यानं विषय मिटवला. मी पुन्हा नाशिकला गेले, दुकानदारानं सांगितलेला नेमका चेंडू आणला, तर तो त्याला हात लावेना. रागावला किंवा लाजला की फैजपूरची बोली त्याच्या तोंडी येते.

"मले कायले बायकांचा चेंडू देतीस?"

तेव्हा मी मास्तरीणपणा केला. म्हटलं, डोळे मीट. मी चेंडू मांडते, कधी हा, कधी तो. तू पाहायचं नाही, नुसतं मारायचं आणि हाताला विचारायचं. काय मनात आलं कोण जाणे, त्यानं ऐकलं. कोवळ्या उन्हात डोळे मिटून उभा असलेला माझा भाऊ, कपाळावर पांढरे केस, ओठ घट्ट मिटलेले, आणि त्याच्यापुढे मी आलटून पालटून चेंडू ठेवतेय. घट्ट चेंडूला तो दात आवळायचा. मऊ चेंडूचा आवाज निराळाच होता. टणक नव्हे, भरीव, ओल्या मातीवर पावलाचा येतो तसा. चेंडू फार दूर गेला नाही, पण सरळ गेला, आणि भाऊचा हात काठीवरच राहिला. खिशाकडे गेला नाही. तो डोळे न उघडताच म्हणाला, अजून एक ठेव. त्या क्षणी मला जे वाटलं त्याला आनंद याहून मोठा शब्द मला अजून सापडलेला नाही.

तो हिवाळा आमचा होता. भाऊ पुन्हा हसू लागला, कळण्याच्या भाकरीवर ठेच्याचा गोळा मोठा घेऊ लागला, माळावरच्या टिटव्यांशी हुज्जत घालू लागला. निंबाकडे पाहणं त्यानं सोडलं होतं. आता तो जवळच्या बाभळीकडे पाहून मारायचा, आणि त्या संकोचलेल्या अंतरातही एक प्रौढ, निवळलेलं सौंदर्य होतं, भादव्यानंतर नदीचं पात्र आक्रसतं पण पाणी स्वच्छ होतं तसं. अमोल येणार असल्याचं कळलं तेव्हा भाऊनंच मला आपणहून सांगितलं, की आता लपवायचं नाही. घरात बसून सांगणं आपल्याला जमायचं नाही, पण खेळायला नेईन, हा चेंडू मांडेन, तो विचारेल, मग सांगेन. हात गेला होता ते, आणि आता एकट्यानं राहणं जड जातं तेही. एवढं एकच त्याला हवं होतं: पोरानं त्याला आहे तसं एकदा पाहावं. मला ते पटलं. काही माणसांना आपलं दुःख थेट देता येत नाही, एखाद्या वस्तूच्या हाती पाठवावं लागतं.

अमोल आला. उंच, सुखवस्तू, घाईतला. सकाळी आम्ही तिघं माळावर गेलो. भाऊनं विजार इस्त्रीची घातली होती. त्यानं पिशवीतून मऊ चेंडू काढला, वाकून मांडला, आणि लेकाकडे पाहिलं. इतकं उघडं पाहणं मी त्याच्या चेहऱ्यावर त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. अमोलनं चेंडू उचलला, त्यावरचं नाव वाचलं आणि मोठ्यानं हसला.

"बाबा, हा तर लेडीज बॉल आहे. आत्या खेळायला लागली की काय?"

दुष्टपणानं नाही हसला, हे मला मान्य आहे. पण दुष्टपणा परवडला असता. भाऊनं तळहात विजारीला पुसला.

"हो," तो म्हणाला. "तिचाच आहे."

मी तोंड उघडणार होते. भाऊनं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत आज्ञा असती तर मी मोडली असती. तिच्यात विनवणी होती. अमोलनं चेंडू माझ्या हातात दिला, आपल्या डब्यातला एक मांडला, बापाच्या पाठीवर थाप मारली, आणि म्हणाला की दाखवा आता पूर्वीसारखा फटका. आणि त्या माणसानं दाखवला. कुठून आणला कुणास ठाऊक, देहात शिल्लक होतं नव्हतं ते सगळं एका वळणात ओतलं. चेंडू लांब गेला. अमोलनं टाळ्या वाजवल्या, मोबाइलवर चित्रण केलं, मित्रांना पाठवलं. भाऊ हसत उभा होता आणि त्याच्या काठीचं टोक जमिनीवर थरथरत होतं. ते थरथरणं अमोलच्या चित्रणातही असेल, पाहणाऱ्याला दिसलं तर.

उजवा खांदा त्याच दिवशी गेला. अमोल विमानात बसेपर्यंत भाऊनं त्याच्यासमोर डाव्या हातानं जेवणं टाळलं, पोट बरं नाही म्हणून दूधभातावर राहिला, तोही एकट्यानं, खोलीत. नंतर डॉक्टर, पट्टे, शेक, सगळं झालं. माळावर जाणं संपलं. पुन्हा मऊ चेंडूनं सुरुवात करू, असं मी किती वेळा म्हटलं. तो ऐकूनही घेत नाही. ज्या चेंडूला आपण परका म्हटलं त्याच्याकडे कुठल्या तोंडानं जायचं, असं काहीतरी त्याच्या मनात असावं. अमोलचा मला राग येतो. भाऊचा त्याहून जास्त येतो, आणि तो व्यक्त करायला माझ्यासमोर आता तो भाऊच नाही, एक समजूतदार, आज्ञाधारक म्हातारा आहे.

अमोलचा फोन दर रविवारी येतो, चेहरा दिसतो तसला. त्याआधी भाऊ दाढी करून घेतो, टोपी घालतो, उजवा हात उशीवर नीट ठेवून देतो आणि मला सांगतो, थोडा वर धर. मी फोन वर धरते, म्हणजे खांद्याखालचं काही दिसत नाही. तिकडून विचारणा होते, की रोज खेळताय ना. भाऊ म्हणतो, रोज. आवाज खणखणीत असतो. दूर गेलेल्यांच्या आठवणीत आपण कधी म्हातारे होत नाही, असं आपण कौतुकानं म्हणतो. पण त्या आठवणीतलं तारुण्य इथे कुणाला तरी दर रविवारी टोपी घालून निभावावं लागतं, आणि निभावता निभावता तो माणूस आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीवर, हळूहळू नाहीसा होत जातो.