पालथा नान

ओयदिनने नान पालथा घातला आणि हात मागे घेतला. नक्षीची बाजू खाली, करपलेली पाठ वर. आजी असती तर त्याच हातावर फटका बसला असता. ताश्कंदातली बाई एक वेळ सासूला उलट बोलेल, पण नान पालथा ठेवणार नाही, आणि दिसला तर तसा राहू देणार नाही.

"माफ कर," ती नानालाच म्हणाली, आणि दार ओढून शिवणाच्या दुकानात कामाला गेली.

तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. आपण नसताना घरात कुणी येतं का? थंडीपासून रोज काहीतरी जागचं हललेलं असायचं. कधी कुंडीतली माती ओली, कधी उशीचा अभ्रा नीट ओढलेला, कधी गोधड्यांची घडी बदललेली. घरमालकीण सनोबर ओपा, म्हणजे सनोबरताई, दोन मजले खाली राहायच्या. एकदा धीर करून त्यांना विचारलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला.

"मी? तुझ्या घरात? पोरी, एकटं राहून राहून तुला भास व्हायला लागलेत. नवऱ्याला म्हणावं, पुरे झाली ती कझानची नोकरी, ये आता."

रशियात कझानला कामाला गेलेला नवरा नव्हताच. घटस्फोटाचा कागद होता, सध्या कपाटात, गोधड्यांच्या खाली. सात घरांतून नकार मिळाल्यावर आठव्या दारात ती खोटं बोलली होती, कारण एकट्या सोडलेल्या बाईला घर द्यायला कुणी तयार नव्हतं. कागद कुणाच्या हाती लागला असता तर हेही घर गेलं असतं. आठवड्यात तीनदा ती त्याची जागा बदलायची.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा नान सुलटा होता. धुतलेल्या पंच्याने झाकलेला.

आधी तिला हायसंच वाटलं. म्हणजे आपल्याला वेड लागलेलं नाही. मग ती बूट न काढता तशीच दाराशी बसली. चार दिवस ती कुणाशी काही बोलली नाही. सांगणार तरी काय? मी मुद्दाम नान पालथा ठेवला, असं म्हणणारीवर विश्वास कोण ठेवतं?

रविवारी सकाळी कुलपात किल्ली फिरली. दाराला बेल होती, ओयदिनने स्वतः आणून बसवलेली. सनोबर ओपांचं बोट त्या बेलला कधी लागलं नव्हतं.

"अगंबाई, घरीच आहेस होय?" त्या म्हणाल्या. हातात नवरोजच्या सुमलकची, रात्रभर ढवळलेल्या गव्हाच्या अंकुरांच्या खिरीची, वाटी होती.

"रविवार आहे, ओपा."

ओपांनी शाल काढून खुर्चीवर टाकली. सुमलक यंदा ढवळायला कोण कोण आलं, कोण नुसतंच गप्पा मारत बसलं, सगळं सांगून झालं. चहाची पियाली हातात फिरत राहिली. शेवटी त्यांना राहवेना.

"एक बोलते, राग मानू नकोस. भांडी तशीच पडलेली असोत, धूळ असो, मी कधी अवाक्षर काढलं नाही. पण नान पालथा? आईने एवढंही शिकवलं नाही? माझ्या वास्तूत बरकत कशी राहायची?"

ओयदिनने किटली खाली ठेवली.

"कधी होता पालथा?"

"बुधवारी. मी स्वतः या हाताने..."

ओपांनी पियालीत पाहिलं.

"पाण्याचा पाइप बघायला आले होते."

"पाइप गोधड्यांत नसतो, ओपा."

मग ओपा भडकल्या. चोरी पकडली गेली की माणूस आधी चिडतोच.

"हो, आले! घर माझं आहे. आणि तुझा तो कागद मी थंडीतच वाचलाय. सांगितला कुणाला? शेजारणी विचारतात, काय म्हणतोय कझानचा जावई? मी म्हणते, मजेत आहे, जाड झालाय. तुझ्यासाठी खोटं बोलते मी, पोरी!"

ओयदिनच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या कागदापायी तिची झोप उडाली होती, तो या बाईला केव्हाचा पाठ होता. उपकारच होते ते, पण त्या उपकारांची तिला शिसारी आली.

"गप्प राहिलात, देव तुमचं भलं करो," ती म्हणाली. "पण किल्ली द्या. नाहीतर मी जाते. नववं दार शोधीन."

ओपा उठल्या. मग खिशातून किल्ली काढून त्यांनी नानाशेजारी ठेवली आणि त्या निघून गेल्या. दार त्यांच्यामागे आपोआप लागलं.

शाल खुर्चीवरच राहिली होती.

जिन्यावरची पावलं खाली गेली, थांबली, पुन्हा वर आली. दाराची मूठ सवयीनं एकदा हलली.

मग बेल वाजली. एकदाच, अगदी थोडी.

ओयदिन शाल घेऊन दारापाशी गेली. कुलपावर हात ठेवला, पण उघडलं नाही.

"कोण?"

"मी आहे... सनोबर," बाहेरून आवाज आला. "येऊ का?"