दुमडीत राहिलेले तेल

मित्रांनो, गाडीच्या शेडमध्ये शिरलात की डाव्या भिंतीवर, पान्यांच्या रांगेच्या शेवटी, खिळ्याला टांगलेले एक काळपट पत्र्याचे नरसाळे दिसते. ते मी. माझ्यापाशी कोणी थांबत नाही, आणि थांबावे असे माझ्यात काही नाही. वर रुंद तोंड, खाली बारीक तोंड आणि मध्ये पोकळ जागा. पण एक गोष्ट मला तुम्हाला सांगितलीच पाहिजे. एका बाईवर खोटा आळ आला, आणि ज्याच्यामुळे ते खरोखर घडले ते चार महिने इथे खिळ्यावर गुपचूप लटकत राहिले.

पत्र्याचे डबे करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. वरचा भाग वेगळा, खालची नळी वेगळी. दोन्ही जिथे जोडले तिथे त्याने पत्र्याची कड आत दुमडली आणि वरून कथील ओतले. मग एक डोळा मिटून त्याने माझ्यातून आरपार बघितले, तांब्याभर पाणी ओतले आणि समोर उभ्या असलेल्या बाईंना म्हणाला, "घेऊन जा काकू. यात थेंब राहायचा नाही."

ते वाक्य मी मनाला लावून घेतले. आपण कोणाचे काही ठेवून घेत नाही, ज्याचे त्याला पोचते करतो, अशी मला फार घमेंड होती. ती दुमड आतल्या बाजूला होती, त्यामुळे तिची आठवण ना मला राहिली ना कोणाला.

काकू आणि त्यांचे यजमान दोघेही शिवणकाम करीत. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. यजमानांना सगळे मास्तर म्हणत. मास्तर मापे घ्यायचे आणि कापड बेतायचे, काकू मशीनवर शिवायच्या. पायाचे मशीन. मित्रांनो, काकूंचा पाय तुम्ही बघायला हवा होता. पायपट्टीवर तो असा पडायचा की सुई हव्या त्या टाक्याला उभी राहायची, ना एक पुढे ना एक मागे. मास्तर गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचे, "कात्री माझी चुकेल, हिचा पाय चुकायचा नाही."

मी पहिली दोन वर्षे स्वयंपाकघरात होते. डब्यातले तेल बाटलीत ओतायचे एवढेच काम. मग मास्तरांनी एक जुनी, बदामी रंगाची गाडी घेतली आणि माझे दिवस फिरले. पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल बदलायला त्यांनी काकूंच्या नकळत मला उचलले. संध्याकाळी काकूंनी माझे काळे झालेले तोंड बघितले आणि कपाळाला हात लावला.

"अहो, हे काय केलंत? भाजीच्या तेलाचं नरसाळं होतं ते!"

"तेलाचंच काम केलंय की त्यानं. धुऊन देतो."

"धुऊन नको आणि पुसून नको. आता ते स्वयंपाकघरात येणार नाही. तुमच्या त्या शेडमध्येच नांदू दे."

अशी माझी इथे पाठवणी झाली.

आपल्या गाडीला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही, हे मास्तरांचे व्रत होते. रविवारी सकाळी ते जुना सदरा चढवायचे आणि गाडीखाली शिरायचे. तिथून मग तासभर नुसते पाय दिसायचे आणि नको नको ते शब्द ऐकू यायचे. दहा नंबरचा पाना हवा असला की बारा नंबरचा सापडायचा. हातातून निसटलेला नट जमिनीवर पडल्याचा आवाज यायचा, पण जमिनीवर नट नसायचा. कापडावर खुणा करायच्या खडूने ते प्रत्येक बोल्टावर नंबर घालायचे, आणि ऑइलने भरलेल्या त्यांच्याच बोटांनी ते नंबर पुसले जायचे. सगळे जोडून झाल्यावर एक तरी बोल्ट हातात उरायचाच. त्याच्याकडे बराच वेळ बघून मास्तर म्हणायचे, "कंपनीनं जास्तीचा दिलेला दिसतोय." असे जास्तीचे बोल्ट साठून एक डबा भरला होता. तरी गाडी चालायची, आणि मास्तर जग जिंकल्यासारखे आंघोळीला जायचे.

पण माझ्या बाबतीत ते फार काटेकोर होते. काम झाले की दुकानातल्या चिंध्यांच्या पिशवीतून एक लांब पट्टी काढायची, ती माझ्या नळीतून ओवायची आणि दोन्ही टोके धरून सुईत दोरा ओढावा तशी पुढेमागे ओढायची. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत हे चालायचे. त्या पट्टीमुळे माझी दुमड कोरडी राहायची, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मला वाटायचे, स्वच्छपणा हा माझा अंगचा गुण आहे.

मग मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. गाडी चालवायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले. शिवलेले गणवेश आणि पडदे गिऱ्हाइकांकडे पोचवायचे कोणी? काकूंनी बावन्नाव्या वर्षी गाडी शिकायला घेतली आणि पहिल्याच परीक्षेत पास झाल्या. त्यांचा पाय, मग काय! उंची मात्र कमी पडायची, म्हणून त्यांनी चिंध्यांची अख्खी पिशवी एका खोळीत भरून सीटवर ठेवायला उशी शिवली. मास्तर गाडी चालवणे सोडून बसले, पण शेड सोडायला तयार नव्हते. "डॉक्टरनं स्टिअरिंगला बंदी केलीय, पान्याला नाही," असे त्यांचे म्हणणे.

आता तो रविवार.

सकाळी इंजिन ऑइल बदलून झाले. नवे तेल इंजिनात आणि मग जुने, काळे तेल डब्यात, दोन्ही माझ्यातूनच गेले. मास्तर चिंध्यांच्या पिशवीकडे वळले तर पिशवी रिकामी. "सगळ्या चिंध्यांवर बाईसाहेब बसल्यात," असे पुटपुटत त्यांनी सदऱ्याच्या टोकाने मला बाहेरून चकचकीत पुसले आणि खिळ्याला लावले. बाहेरून मी नव्यासारखे दिसत होते. आत, दुमडीत, चमचाभर काळे तेल बसून राहिले होते. मला ते जाणवत होते. अंगाला चिकटलेले काहीतरी, जे माझे नव्हते.

दुपारी मास्तरांनी ब्रेक ऑइल बदलायला काढले. मित्रांनो, त्याला ऑइल म्हणतात खरे, पण इंजिनाच्या तेलाशी त्याचे हाडवैर. त्या तेलाचे थोडे जरी मिसळले तरी ब्रेकमधली रबरे फुगून बाद होतात. या कामाला दोन माणसे लागतात. एकाने आत बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने चाकामागचा बारीक बोल्ट सैल करून जुने ऑइल आणि हवा बाहेर काढायची. तो बोल्ट गंजून घट्ट बसला होता. पाना निसटून मास्तरांची बोटे सोलली आणि डोके आधीच तापले. काकू सीटवर उशीवर बसल्या होत्या.

"दाब!"

"दाबला."

"धरून ठेव. सोडू नकोस हं!"

"सोडू?"

"सोडू नकोस म्हणालो ना!"

"मग 'सोड' कशाला ओरडलात? मला तेवढंच ऐकू आलं."

असे चार चाकांना चार वेळा. दोघांच्या नाकी नऊ आले. शेवटी मास्तरांनी मला खिळ्यावरून काढले, डोळ्यांजवळ नेऊन माझ्यात बघितले आणि गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या डबीत माझी नळी घातली. मोतीबिंदू आलेल्या डोळ्यांना काय दिसणार? नवे, सोनेरी ऑइल माझ्यातून गेले आणि दुमडीतले काळे तेल त्याने बरोबर नेले. ते जाताना मला कळले. मी काही करू शकत नव्हते हे खरे, पण मित्रांनो, मला तेव्हा हलके वाटले होते. त्याचीच मला सर्वांत जास्त लाज वाटते.

तिसऱ्या आठवड्यात काकू गणवेशांचा गठ्ठा घेऊन एकट्या निघाल्या. उतारावरच्या वळणाला त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही. एका दवाखान्याच्या फाटकाचा खांब आडवा झाला. फाटकातून काठी टेकत बाहेर पडणारे एक आजोबा दोनच पावले पुढे गेले होते, म्हणून वाचले. काकूंच्या मनगटाला मुका मार लागला. हे सगळे मी शेडमध्ये टांगल्या टांगल्या ऐकले, कारण ओढून आणून इथे उभी केलेली गाडी बघायला आलेला प्रत्येक जण इथेच उभा राहून बोलत होता.

"ब्रेकऐवजी ॲक्सिलेटर दाबला असणार."

"या वयात शिकायचं म्हणजे असंच व्हायचं."

"अहो, मी ब्रेकच दाबला होता," काकू पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "पाय पार खाली गेला, पण गाडी थांबेना."

मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरली असशील. पाय चुकला असेल. होतं असं कधीकधी." ते मनापासून समजूत घालत होते. पण ज्या माणसाने तीस वर्षे त्या पायाचे कौतुक केले, त्याच्याच तोंडून हे ऐकल्यावर काकूंनी मान खाली घालून आपल्या पायाकडे बघितले. मग त्या म्हणाल्या, "असेलही. माझंच चुकलं असेल."

पुढच्या आठवड्यात गॅरेजचा मेकॅनिक आला. गाडी त्याच्याकडे ओढून न्यावी लागली होती. त्याने मास्तरांच्या हातावर रबराचा एक छोटा तुकडा ठेवला.

"हात लावून बघा मास्तर. फुगून दीडपट झालंय, कड फाटलीय. ब्रेकमध्ये इंजिन ऑइल गेलं होतं. काकूंचा काही दोष नाही. भरलं कोणी?"

मास्तरांनी रबर बोटांत फिरवले. मग मान वर करून थेट माझ्याकडे बघितले. त्यांना सगळे कळले. "मी सांगतो तिला," ते म्हणाले. "तू काही बोलू नकोस."

मेकॅनिक गेला. मास्तरांनी मला खिळ्यावरून काढले, उलटे फिरवले आणि तोंड भिंतीकडे करून पुन्हा टांगले. पण सांगितले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. गाडी दुरुस्त होऊन आली आणि शेडमध्ये धूळ खात उभी राहिली. काकू तिच्याकडे बघतही नव्हत्या. मास्तर मात्र रोज शेडमध्ये यायचे, माझ्यासमोर उभे राहायचे, घसा खाकरायचे आणि परत जायचे. आम्ही दोघेही मूग गिळून बसलो होतो. मला वाचा नव्हती म्हणून, त्यांना होती तरी.

शेड आणि दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे. पूर्वी तिच्यातून मशीनचा एका लयीतला आवाज यायचा. आता तो अडखळत येऊ लागला. चार टाके, थांबणे, उसवणे, पुन्हा चार टाके. मग तोही बंद झाला. एका गिऱ्हाइकाला काकू सांगत होत्या, "मशीनवरचं काम घेत नाही हल्ली. काजं-बटणं करून देईन. पायाचा भरवसा राहिला नाही." भिंतीपलीकडे मास्तरांची कात्री कापता कापता थांबल्याचे मी ऐकले.

चार महिने असे गेले. मग एके सकाळी काकूंची भाची मशीन घेऊन जायला आली. काकूंनीच ते तिला देऊन टाकले होते. बाहेर टेम्पो उभा होता. मशीनला दोर बांधत असल्याचे आवाज येऊ लागले, आणि मास्तर धडपडत शेडमध्ये आले. त्यांनी मला ओढून काढले, जाताना स्वयंपाकघरातला काचेचा वाडगा आणि तांब्याभर गरम पाणी घेतले आणि दुकानात कापड बेतायच्या टेबलावर सगळे मांडले.

"इकडे ये जरा," ते काकूंना म्हणाले.

त्यांनी माझ्यातून पाणी ओतले. वाडग्यात पाण्यावर एक पातळ, रंगीत तवंग पसरला. चार महिन्यांनंतरही दुमडीने तेवढे धरून ठेवले होते. तो बघताना मला वाटले, पत्र्याला लाजेने वितळता येत असते तर बरे झाले असते.

"इंजिनाचं तेल आहे हे. मी नरसाळं आतून पुसलं नव्हतं. तेच ब्रेकमध्ये गेलं. तू ब्रेकच दाबला होतास गं. त्या दिवशी गाडीला ब्रेक नव्हताच."

काकू वाडग्याकडे बघत राहिल्या. "कधी कळलं तुम्हाला?"

"आठवड्याभरातच."

"म्हणजे चार महिने." काकू शांतपणे म्हणाल्या. "चार महिने मी रोज सकाळी उठून या पायाकडे बघतेय. म्हातारी झाले, आता संपलं, असं स्वतःला सांगतेय. आणि तुम्ही समोर बसून कापड कापत होतात."

मास्तरांनी मान खाली घातली. "धीर झाला नाही. तू मला काय म्हणशील, याचीच भीती वाटली."

"मी स्वतःला काय म्हणत होते, ते नाही दिसलं?"

मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आले आणि ते पुसायलाही त्यांना सुचले नाही.

काकूंनी भाचीला दोर सोडायला सांगितला. खुर्ची ओढून मशीनवर बसल्या, हाताला लागला तो कापडाचा तुकडा सुईखाली घातला आणि पायपट्टीवर पाय ठेवला. मशीन धावले. कापडाची कड संपायला एक टाका उरला असताना पाय थांबला आणि सुई तिथेच उभी राहिली. काकूंनी पदराने डोळे टिपले. मग त्या उठल्या, गाडीतली ती उशी घेऊन आल्या, एका बाजूने उसवली आणि आतली एक लांब चिंधी काढून मास्तरांसमोर धरली.

"पुसा. आतून. मी उभी आहे इथे."

पहिली चिंधी काळी निघाली. दुसरीही. पाचवी पांढरी निघाली, तेव्हा कुठे काकूंनी हात पुढे केला. "किल्ली द्या."

"मी येऊ बरोबर? शेजारी बसतो."

"मागे बसा," काकू म्हणाल्या, "आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलू नका."

गाडी फाटकाबाहेर गेली. वळणावर तिचे लाल दिवे लागलेले मी टेबलावरून, उघड्या दारातून बघितले. गाडी थांबली. मग पुढे गेली.

मित्रांनो, आता ब्रेकच्या कामाला शेडमध्ये वेगळे, नवे नरसाळे आहे. ते नीट ठेवले जाते आणि त्यातून थेंबही ओतायच्या आधी काकू स्वतः बघतात. माझ्या दुमडीतले तेल गेले, पण मनातली बोचणी गेलेली नाही, आणि जावी असे मला वाटतही नाही. तुम्ही कधी हातात अवजार घ्याल, तेव्हा काम झाल्यावर ते आतूनही पुसा. आणि तुमच्या हातून काही चुकले आणि त्याचा बोल दुसऱ्याला लागत असेल, तर पहिल्याच दिवशी सांगून टाका. मला दोन-दोन तोंडे असून बोलता आले नाही. तुम्हाला एकाच तोंडाने येते.