तिसरा ठिपका

"घोडा सोडवा," मी म्हणाले.

नंदू ड्रायव्हरनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कागदांची पिशवी त्यानं पुन्हा माझ्यापुढे धरली. "मॅडम, पेपर एकदम ओके छे. फिटनेस, इन्शुरन्स, बधुं. लाईटपण सगळ्या चालू आहेत."

"कागद बघितले. आता घोडा सोडवा."

ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला घोडा म्हणतात. घोडा आणि ट्रेलर यांना जोडून ठेवते ती एकच वस्तू, मनगटाएवढी जाड किंगपिन. ती ट्रेलरच्या पोटाखाली लटकते आणि घोड्याच्या पाठीवरच्या जबड्यात अडकते. जोडलेली असताना ती नीट दिसत नाही, म्हणून रस्त्यावरच्या तपासणीत सहसा कुणी तिच्या वाटेला जात नाही. मी जाते. त्यावरून ऑफिसात माझ्यामागे काय काय बोलतात ते मला ठाऊक आहे. बोलू देत.

शिवाय या ट्रेलरच्या दारावर धनाजीरावांचं नाव होतं. त्या नावासाठी मी सतरा वर्षं थांबले होते. मी सूड घ्यायला आरटीओत इन्स्पेक्टर झाले. मुलाखतीत जनसेवा वगैरे सांगितलं ते साफ खोटं. आठ वर्षं दाहोद आणि कच्छमध्ये धूळ खाल्ली, तेव्हा कुठे बडोद्याला बदली मिळाली.

माझे बाबा, संपतराव, बडोद्याच्या मकरपुऱ्यात धनाजीरावांच्या गॅरेजात मेकॅनिक होते. मी चौदा वर्षांची असताना धनाजीरावांचा एक ट्रेलर चालता चालता घोड्यापासून सुटला आणि पाळी संपवून सायकलवरून घरी चाललेल्या कामगाराला चिरडून गेला. पिन तुटली होती. तुटली तिथं वेल्डिंग होतं. किंगपिन झिजली किंवा तडकली तर बदलायची असते, वेल्ड करायची नसते, हे गॅरेजमधल्या मांजरालाही माहीत असतं. धनाजीरावांनी पिन दुरुस्त केल्याचा, बाबांच्या सहीचा कागद पोलिसांच्या हातात ठेवला आणि हात झटकले. बाबा म्हणाले, "पिन बदला, असं मी सांगितलं होतं. देवाशपथ, आयुष्यात मी किंगपिनेला वेल्डिंगचा रॉड लावलेला नाही."

केस सहा वर्षं चालली. तुटलेला तुकडा मधेच कुठे गहाळ झाला आणि बाबा पुराव्याअभावी सुटले. मकरपुऱ्यात त्यांना कुणी दारात उभं केलं नाही. आईला खंडेराव मार्केटात भाजीवालीनं विचारलं, "ते पिनवाळे तुमचेच ने?" आई रिकामी पिशवी घेऊन घरी आली, आणि मरेपर्यंत पुन्हा त्या बाजारात गेली नाही.

मला बाबांचा शब्द पुरेसा होता. बाबा केलेल्या प्रत्येक कामाशेजारी पंचनं, म्हणजे टोकदार पोलादी खुंटीवर हातोडी मारून, तीन ठिपके उमटवायचे. आमच्या विळीवर आहेत, जिन्याच्या कठड्यावर आहेत. दसऱ्याला गॅरेजात पूजा असे तेव्हा मला न्यायचे आणि शेवटचा ठिपका मला मारू द्यायचे. माझा नेहमी खाली घसरायचा. "हात सरळ धर, उत्कू," म्हणून हसायचे. जो माणूस आपल्या कामावर खूण ठेवतो तो चोरीचं काम कशाला करेल, असं मी भांडणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं होतं.

वजनकाट्याच्या आवारात नंदूनं ट्रेलरचे पाय खाली सोडले आणि घोडा पुढे काढला. मी वाकून आत शिरले. पिनेवर ग्रीसचा जाड थर होता. चिंधीनं पुसला तशी पिनेच्या गळ्याशी वेल्डिंगची खडबडीत कड बोटाला लागली.

खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी तिथंच अंधारात हसले.

"मॅडम, माझं लायसन जाईल?" नंदूचा आवाज चिरकला होता. "मला तर खबर पण नाय."

"तुझं काही जाणार नाही. शेठला बोलाव."

धनाजीराव तासाभरानं आले. सत्तरी उलटलेली, पांढरा शुभ्र सदरा, हातात दोन फोन. मला बघून थबकले. "तुम्ही संपतची मुलगी ने? उत्कर्षाबेन! केवढ्या मोठ्या झालात. सांभळा, ऐका जरा, शांतीनं बोलू आपण."

"मॅडम म्हणा. आणि आत वाका."

"मी? माझे गुडघे..."

"बाबांनाही गुडघे होते. कोर्टाचा जिना सहा वर्षं चढले."

ते वाकले. नंदू बघत होता, काट्यावरची माणसं बघत होती. सदऱ्याची बाही ग्रीसमध्ये काळी झाली. मी विजेरीचा झोत पिनेवर धरला. "हात लावून बघा. काय लागतंय? मोठ्यानं सांगा."

"वेल्डिंग," ते पुटपुटले.

"ऐकू आलं नाही."

"वेल्डिंग आहे, मॅडम."

सतरा वर्षं मनात घोळवलेला हा क्षण होता आणि तो अगदी मनासारखा झाला. तेवढ्यात धनाजीरावांनी तोल सावरायला पिनेशेजारच्या लोखंडी पाट्यावर हात टेकला. हात घसरला आणि त्याबरोबर ग्रीसचा पट्टा पुसला गेला.

"आ शुं?" ते म्हणाले. "हे ठिपके कसले?"

तीन होते. दोन एका रेषेत. तिसरा खाली घसरलेला.

झेंडूच्या माळा घातलेला ट्रेलर, वेल्डिंगचा निळा झोत, "तिकडे बघू नको, डोळे जातील" म्हणणारे बाबा, आणि मग हातात दिलेली हातोडी, सगळं एकदम आठवलं. धनाजीरावांना त्या ठिपक्यांचं काहीच माहीत नव्हतं. अंगठ्यानं ग्रीस परत सरकवलं असतं तर कुणालाही कधी कळलं नसतं. ते करावंसं वाटलं. खूप वाटलं.

मी फोटो काढला. गाडी अटकावून ठेवली, फिटनेस रद्द करण्याची शिफारस केली, धनाजीरावांचे बाकीचे अकरा ट्रेलरही घोडे सोडवून तपासावेत असं लिहिलं. चालकाचा दोष नाही, हेही लिहिलं. शेवटी लिहिलं, वेल्डिंगशेजारी कारागिराची खूण, तीन ठिपके, तिसरा खाली. लिहिताना मला धनाजीरावांचा राग आला, बाबांचा त्याहून जास्त.

नागरवाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत बाबा चहा गाळत होते. मी बूट काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, "शेजारचा केयूर सांगत होता, त्याच्या ओळखीच्या नंदू ड्रायव्हरचा फोन आलेला. धनाजीचा ट्रेलर धरलास?"

"धरला."

"पिन वेल्ड केलेली होती ना? मी म्हणत नव्हतो?"

मी तो फोटो उघडून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, मी शिकवलं होतं तसं दोन बोटांनी चित्र मोठं केलं. चहा तसाच निवत राहिला. ते आता नाही म्हणतील, दुसऱ्या कुणी मारले म्हणतील, असं मला वाटत होतं. त्यांनी नाही म्हणावं असंही वाटत होतं.

"नऊ वर्षांची होतीस," ते म्हणाले. "हात सरळ धर, म्हटलं होतं मी."

"बाबा, किती पिना?"

"मोजल्या नाहीत. शेठ म्हणायचा, गाडी उद्या निघायला पाहिजे. मी करायचो." त्यांनी फोन परत दिला. "तो सायकलवाला गेला त्या ट्रेलरचीही मीच केली होती. ठिपक्यांचं रिपोर्टात लिहिलंस?"

"लिहिलं."

त्यांनी मान डोलावली. उठून फळीवरचा हत्यारांचा डबा काढला, त्यातून पंच शोधला, सदऱ्याला पुसला आणि माझ्यापुढे धरला.

"हाही जमा कर."

लहानपणी तो मला दोन्ही हातांनी धरावा लागायचा. आता एका मुठीत मावला.