कडूबाची फुली

कडूबाला चार वाजता कामावरून काढून घरी पाठवायचं, हे आप्पासाहेबांनी सकाळीच ठरवून टाकलं होतं. वाळूजच्या त्या कारखान्यात ब्रेकचे ड्रम ओतत. गिऱ्हाइकाकडे तीन ड्रम तडकलेले निघाले, गोदामातले नऊ हजार नग अडकले, आणि क्वालिटीचे साहेब म्हणून आप्पासाहेबांना कुणाच्या तरी माथी खापर फोडायचंच होतं. भट्टीवरचा कडूबा आयता सापडला. ड्रमवर कोड ठोकून झाला की तो कधीकधी शेवटी एक जादा फुली, इंग्रजी एक्ससारखी, ठोकायचा, आणि त्या तिन्ही ड्रमवर फुली होती.

“लोखंडाचा रंग पटला नाय की मी फुली मारतो साहेब,” कडूबा म्हणाला. “असला माल धाडू नका म्हणून वीस वर्षं सांगतोय. कोण ऐकतंय?”

“चार हजार एकशे बारा नगांवर फुली आहे! कॉम्प्युटर सांगतोय. अर्धा माल खराब ओतला की काय तू?”

“एवढ्या नाय. शंभर-सव्वाशे, लई झालं तर.”

साहेब हसले. कोपऱ्यात कॉम्प्युटरवर बसलेल्या तबस्सुमला ते हसू झोंबलं. दोन वर्षांपूर्वी ती पॅकिंगच्या टेबलावर होती, आणि ‘ही पोरगी हुशार हाय, हिला वर बसवा’ असं साहेबांना ठणकावून सांगणारा माणूस कडूबाच होता.

तिनं यादी उघडली. साहेबांची चूक लगेच दिसली. त्यांनी कोडमध्ये कुठंही एक्स असला तरी धरला होता, आणि कोडमधल्या काही साच्यांच्या नंबरात तर मधेच एक्स असायचा. तिनं नवी ओळ लिहिली: कोडचा शेवट एक्सनं होत असेल, तेवढेच दाखव.

उत्तर आलं, शून्य.

“घ्या!” साहेबांनी टाळी वाजवली. “पॅकिंगच्या पोरीनं निकाल लावला.”

तबस्सुमचे कान तापले. कडूबानं टोपी काढून हातात घेतली, आणि तेच तिला सोसवेना. घड्याळात बारा वाजून गेले होते.

ती पुन्हा पडद्याकडं वळली. तडकलेल्या एका ड्रमचा कोड शोधला. शेवटी एक्स स्पष्ट होता. मग सापडत का नाही? तिनं कर्सर कोडच्या टोकाला नेला, आणि तो एक्सच्या पुढं एक घर जाऊन थांबला. तिचा स्वतःचाच उजवा अंगठा टेबलावर हलला.

पॅकिंगच्या बायका ड्रमवरचा कोड बघून कॉम्प्युटरात भरत, आणि तिथल्या जुन्या कॉम्प्युटरला स्पेस दाबल्याशिवाय पुढचा नग चालत नसे. नवा आला, पण बायकांचे अंगठे जुनेच राहिले. प्रत्येक कोडच्या शेवटी एक मोकळी जागा बसली होती, न दिसणारी. शेवट एक्सचा नव्हताच, त्या मोकळ्या जागेचा होता. हे पॅकिंगवर न बसलेल्या माणसाला सात जन्मात सुचलं नसतं.

तिनं शेवटच्या मोकळ्या जागा छाटल्या आणि तीच ओळ पुन्हा चालवली. एकशे अठरा!

“मामा,” ती ओरडलीच, “एकशे अठरा!”

“मंग? सांगितलं व्हतं की,” कडूबा म्हणाला.

ते एकशे अठरा ड्रम बाहेर काढून त्यांवर तडा दाखवणारा लाल रंग लावला. एकशे नऊमध्ये केसासारखी बारीक भेग निघाली. फुली नसलेले दोनशे तपासले, त्यांत एकही नाही. चार वाजले तेव्हा आप्पासाहेब नुसतेच टिपा घेत उभे होते, आणि तबस्सुमला खरं सांगायचं तर भयंकर आनंद झाला होता.

फुलीचा एकही नग गेटबाहेर जाऊ द्यायचा नाही, असा मालकांनी त्याच संध्याकाळी हुकूम काढला, आणि तिनं तीच ओळ गेटच्या कॉम्प्युटरवर चढवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक भरत असताना गेटवर भोंगा वाजला. आप्पासाहेब स्वतः पळत गेले, फुलीचा एक ड्रम उतरवून घेतला, मगच ट्रक हलला.

कडूबा भट्टीजवळून बघत होता. त्यानं टोपी नीट घातली.

“तबस्सुम,” तो म्हणाला, “आता ऐकायला लागले बघ.”