सावलीत आणलेला शिवेचा दगड

मी शिवेचा दगड बोलतोय. कपाळ टेकायच्या आधी जरा ऐकून घ्या. नंतर कदाचित टेकवावंसं वाटणार नाही.

लोणारजवळच्या एका खाणीतून मी निघालो. पाथरवटानं घडवलं आणि बैलगाडीनं आणून एका शेताच्या कडेला अर्धं पुरलं. माझ्या एका अंगाला इंग्रजांचं वऱ्हाड, दुसऱ्या अंगाला निजामाचं राज्य. पुढे इंग्रज गेले, निजामही गेला. साठ साली दोन्हीकडे महाराष्ट्रच झाला, तेव्हा वाटलं, चला, आपली नोकरी संपली. कसली संपते! राज्याच्या पोटात विभाग, विभागात जिल्हे, जिल्ह्यात तालुके, तालुक्यात गावं. अलीकडे नागपूर विभाग, बुलढाणा जिल्हा, मेहकर तालुका. पलीकडे औरंगाबाद विभाग, परभणी जिल्हा, परतूर तालुका. एवढा सगळा कारभार माझ्या दोन हात अंगाशी येऊन थांबायचा. माणसं कागदावर रेघ ओढतात आणि उन्हात उभं राहायला दगड ठेवतात.

गावाला मी वेगळाच ठाऊक होतो. नवी नवरी शीव ओलांडून आली की गाडी माझ्यापाशी थांबायची, नारळ फुटायचा. मनकर्णाबाईही अशीच आली. मी ज्या शेताच्या बाहेरच्या कडेला उभा होतो, ते तिच्या नवऱ्याचं. नवरा लवकर गेला. मुलगी कौशल्या आणि ते तीन एकर, एवढंच तिच्याजवळ उरलं. शेतात कामाला हात लावण्याआधी ती रोज माझ्यावर तांब्याभर पाणी घालायची. शेंदूर पहिल्यांदा कुणी लावला ते आठवत नाही, पण मी देव झालो. खरं सांगतो, मला ते आवडलंही.

एका उन्हाळ्यात कौशल्या तापानं फणफणली. पोर उठली तर तुला सावलीत बसवीन, असा मनकर्णाबाईनं मला नवस केला. पोर उठली. मी काहीच केलं नव्हतं. तिच्या शेताच्या आतल्या बांधावर, गावाच्या बाजूला, एक कडुनिंब होता. सरपंच उकंडराव आणि आणखी तिघांनी मला पहारीनं उपटलं, अख्खं शेत ओलांडून नेलं आणि निंबाखाली ओट्यावर बसवलं. हद्दीचा दगड हलतोय हे कुणाच्या मनातही आलं नाही. त्यांच्या लेखी देव सावलीत आला होता.

दोन वर्षांनी जिल्ह्याची हद्द नव्यानं आखायला मोजणीदार आले. शिवेवरचे बाकीचे दगड कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या विहिरीच्या बांधकामात गेले होते. उरलो मी एकटा. त्यांनी साखळी माझ्यापाशी टेकवली आणि सांगितलं, या दगडापलीकडचं सगळं परभणी जिल्ह्यात. म्हणजे मनकर्णाबाईचं सगळं शेत. तिकडच्या दप्तरात शिवेलगतची जमीन गायरान होती. त्यात मनकर्णाबाईचं नाव कुठेच नव्हतं. मग त्यांनी विचारलं, दगड पहिल्यापासून इथेच आहे ना? हद्दीचा दगड हलवला तर कैद होते, हेही बजावलं.

उकंडरावानं मान खाली घातली. बाकीचे तिघे मनकर्णाबाईकडे पाहू लागले. मी आतल्या आत ओरडत होतो.

"हो साहेब," ती म्हणाली. "देव पह्यलेपासून इथंच हाय."

सगळे गेल्यावर ती ओट्यावर बसली. "चौघायनं माह्या शब्दावर तुले उचललं," ती मला म्हणाली. "त्यायच्या लेकरायले काऊन रडवू मी?" आणि मग स्वतःच रडत बसली.

उकंडरावानं तिला आपल्यातली एकरभर जमीन देऊ केली. ती नको म्हणाली. लोक कारण विचारतील, याची तिला धास्ती होती. पेरणीच्या आधी पलीकडच्या गावची गुरं तिच्या शेतात शिरली, तेव्हा ती लेकीला घेऊन जानेफळला भावाकडे गेली. तिथे लोकांच्या शेतात निंदायला जाते म्हणतात.

आज माझ्या ओट्याला चुना लागतो, वर झेंडा आहे. उकंडराव मात्र दुसऱ्या वाटेनं जातो. दर दिवाळीला जानेफळहून कुणाच्या तरी हाती तेलाची बाटली येते. देवाले लावा, असा निरोप असतो. ते तेल अंगावरून ओघळतं, तेव्हा देव असल्याची मला लाज वाटते.

बाबांनो, मला उचला. त्या शेताच्या पलीकडच्या कडेला नेऊन पुन्हा उन्हात पुरा आणि खरं काय ते सांगून टाका. ते जमत नसेल, तर निदान तिला एवढं कळवा, की तेल पाठवू नको म्हणावं.