डाव्या डोळ्यातली बांगडी

डोळ्यांच्या दवाखान्यात बसून पाऊण तास झाला होता आणि तेवढ्या वेळात ताई मावशीशी एक अक्षर बोलली नव्हती. ताई गप्प बसली की पुढे बरंच काही ऐकून घ्यावं लागतं, हे मावशीला लहानपणापासून ठाऊक होतं. दोघींच्या मधल्या खुर्चीत भाची होती, ताईची मुलगी. सतरा वर्षांची झाली तरी आईच्या तोंडी छकुलीच. गेल्या आठवड्यात कॉलेजातल्या तपासणीत तिला डाव्या डोळ्याने तक्त्याची तिसरी ओळ वाचता आली नाही. चष्मेवाल्याने चार-पाच भिंगं बदलून पाहिली आणि शेवटी हात टेकले, म्हणून आज इथे.

"तुझ्या त्या दिव्याने झालंय हे," ताईने अखेर तोंड उघडलं. "दोन वर्षं पोरगी त्या चकतीकडे टक लावून बघतेय."

"डॉक्टर सांगतील ना, ताई."

"त्या सांगतील तेव्हा सांगतील. मी आत्ताच सांगते."

मावशीलाही रात्रंदिवस तीच धास्ती होती. कपड्यांच्या एका दुकानाच्या कॅटलॉगचे फोटो ती काढायची आणि दर मोसमात भाचीलाच उभी करायची. घरचीच मुलगी, उंच, आणि कॅमेऱ्यापुढे अजिबात न बुजणारी. फोटो सगळे रिंग लाइटवर. त्या गोल दिव्याच्या पोकळीतून कॅमेऱ्याने बघायचं, की उजेड चेहऱ्यावर सगळीकडून सारखा पडतो, नाकाची सावली गालावर येत नाही, आणि दोन्ही बुबुळांत एकेक पांढरं कडं उमटतं. स्टुडिओत त्याला बांगडी म्हणत. मावशीच्या फोटोंची ओळखच ती बांगडी होती. दुकानाचे मालक तर कपडे नंतर बघायचे, आधी डोळे.

नंबर पुकारला. डॉक्टरीणबाईंनी भाचीला एका यंत्रासमोर बसवलं, हनुवटी टेकूवर ठेवायला सांगितली आणि बराच वेळ त्यातून बघत राहिल्या. त्यांच्या कपाळावरची प्रत्येक आठी मावशी मोजत होती.

"डॉक्टर, ही माझी धाकटी बहीण," ताईने ओळख करून दिली, म्हणजे आरोपीला पुढे केलं. "फोटो काढते. भला मोठा दिवा लावते पोरीच्या तोंडावर. त्यानेच झालं ना हे?"

"दिव्याचा काही संबंध नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बुबुळावर काचेसारखा एक पडदा असतो. हिचा डावा पडदा पातळ होऊन पुढे टोक काढतोय. काही मुलांना या वयात होतं. डोळे चोळायची सवय आहे का हिला?"

"भारी आहे," ताई म्हणाली.

"ती आजपासून बंद."

मावशीचा जीव भांड्यात पडला. ताई जरा हिरमुसली. हातातोंडाशी आलेला गुन्हेगार निसटला होता. मावशीला तर हसूच यायला लागलं होतं, आणि तेवढ्यात डॉक्टरांनी यंत्राचा स्क्रीन दोघींकडे वळवला.

"हे बघा. या यंत्रात गोल दिव्यांची वर्तुळं आहेत, ती डोळ्यावर उमटतात. पडदा नीट असेल तर वर्तुळ गोल दिसतं. उजवा बराचसा ठीक आहे. आणि हा डावा."

डाव्या डोळ्यातली वर्तुळं खालच्या बाजूला ओढल्यासारखी, अंड्याच्या आकाराची झाली होती. हा आकार मावशीने आज पहिल्यांदा बघितला नव्हता. तो तिने निदान दोनशे वेळा बघितला होता आणि दोनशे वेळा स्वतःच्या हाताने दुरुस्त केला होता.

पहिल्यांदा तिला वाटलं होतं, भाची नीट समोर बघत नाही. तसं ती ओरडलीही होती. मग वाटलं, पाणी आलं असेल, डोळे चोळते कार्टी. नंतर वाटणंच बंद झालं. कॉम्प्युटरवर उजव्या डोळ्यातली बांगडी उचलायची आणि डाव्यावर नेऊन बसवायची, अर्ध्या मिनिटाचं काम. हात आपोआप करायचा.

"वाढतंय की थांबलंय, हे कळायला हवं," डॉक्टर सांगत होत्या. "वाढत असेल तर लगेच उपचार करून थोपवू. जुनी काही तपासणी?"

"नाही हो," ताई म्हणाली. "कधी गरजच पडली नाही."

"मग चार महिन्यांनी परत मोजू आणि ठरवू."

"तेवढ्यात वाढलं तर?" ताईने विचारलं.

"तर तेवढी नजर परत मिळणार नाही. पण उगाच उपचारही करता येत नाहीत."

खोलीत कुणाला काही माहीत नव्हतं. मूग गिळून बसलं असतं तरी चाललं असतं. दिवा तर सुटलाच होता. मावशीने ताईकडे बघितलं आणि तिला ताईची खरंच भीती वाटली, लहानपणी बशी फोडल्यावर वाटायची तशी. मग तिने पिशवीतून लॅपटॉप काढला. मूळ फोटो पुसणं तिच्या जिवावर यायचं, त्यामुळे दोन वर्षांचे सगळे होते.

"डॉक्टर, यातला डोळा बघता का?"

तिने पहिल्या मोसमाचा फोटो उघडून डावा डोळा मोठा केला. कडं जवळजवळ गोल. सहा महिन्यांनंतरचं, खाली किंचित सुटलेलं. मग त्या पुढचं. गेल्या महिन्यातलं तर कुणा आंधळ्यालाही कळावं इतकं वाकडं.

डॉक्टर खुर्ची ओढून जवळ आल्या. "याला मोजमाप म्हणता येणार नाही. पण हे वाढतंय, आणि जोरात वाढतंय. मी चार महिने थांबणार नाही. पुढच्या आठवड्यातच करू." त्या तारीख बघायला बाहेर गेल्या.

ताईचा आवाज अगदी खाली आला होता. "कॅटलॉग माझ्या कपाटात आहेत सगळे. त्यात असं काही नाही."

"मी सरळ करत होते, ताई. दरवेळी. मला वाटलं नाही की..."

मावशी शिव्यांची वाट बघत राहिली. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

बोलली ती भाची. ती लॅपटॉपवरच्या वाकड्या कड्याकडे बघत होती, डावा डोळा मिटून.

"मला वर्षभर दिव्याच्या दोन-दोन कडा दिसतायत, मावशी. घाबरले की मी तुझे कॅटलॉगातले फोटो मोबाइलवर उघडून त्यातले माझे डोळे मोठे करून बघायचे. दोन्ही अगदी सारखे असायचे. मग वाटायचं, आपल्याला काही झालेलं नाही. म्हणून आईला सांगितलं नाही."